द्वारकाआजी आणि आमचा वजनकाटा

आमच्या गाडीतल्या गोळ्या संपतात, कापूस संपतो, रफिकभाईंच्या डब्यातली भाजी तर सकाळीच संपते, पण किस्से काही संपत नाहीत. एक पुरता सांगून होत नाही, तोवर पुढच्या फाट्यावर दुसरा हात दाखवून उभा असतो. त्यालाही गाडीत घ्यावंच लागतं. मागच्या सीटवर आता औषधांपेक्षा किस्सेच जास्त झालेत असं माझा नवरा म्हणतो, आणि जेवताना मी त्यातला एखादा काढला की ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसतो. म्हणून म्हटलं तुम्हाला सांगावेत. तुम्ही कुठं जाणार?

गाडी म्हणजे अंगणवाडी आणि शाळेतली पोरं तपासत फिरणारी सरकारी गाडी. आमच्याकडे वऱ्हाडातल्या मानोऱ्याच्या आजूबाजूची गावं. गाडीत तीन माणसं. मी डॉक्टर. माझं माहेर इकडचंच, जऊळक्याचं, त्यामुळे वऱ्हाडी मला कोणी शिकवायला नको. दुसऱ्या मेश्राम सिस्टर. त्या हसत नाहीत. चेहरा अगदी शाळेतल्या मोठ्या बाईंसारखा ठेवून असं काही बोलतात की समोरच्याला हसावं की रडावं कळत नाही. तिसरे ड्रायव्हर रफिकभाई. "मॅडम, मले तुमच्या डॉक्टरीतलं काही समजत नाही," असं ते रोज सांगतात आणि मग दिवसभर प्रत्येक पोराबद्दल मत देतात.

*

आधी चहाचा सांगते, कारण चहा आत्ताच आला.

एका घरी चार महिन्यांचं बाळ बघायला गेलो होतो. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हे आम्ही त्या घरात इतक्या वेळा सांगितलं होतं की सुनेला ते पाठ झालं होतं. मी विचारलं, "वरचं काही देता का?"

"नाही मॅडम. सक्त मनाई हाये," सून म्हणाली.

बाळ आजोबांच्या मांडीवर होतं. आजोबा माझ्याकडे बघत होते, बाळ आजोबांच्या कपाकडे बघत होतं. मेश्राम सिस्टर वाकल्या, बाळाची हनुवटी बोटानं पुसली आणि बोट माझ्यापुढं धरलं. बोटावर बिस्किटाचा चुरा.

"बाबा, बिस्कीट दिलं ना लेकराले?"

आजोबा दुखावले. "शपथ घेऊन सांगतो मॅडम, बिस्कीट नाही दिलं. मी त्याले चहात बुडवलं, ते विरघळून गेलं. मंग राह्यलं काय? चहाच राह्यला ना. अन् चहा म्हंजे दूधच होय."

सून त्यांच्याकडे अशी बघत होती की मला पुढचं काही बोलायची गरजच पडली नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा आजोबांचा चहा ओसरीवर आणि बाळ माजघरात, अशी वाटणी झालेली होती.

*

आता द्वारकाआजी. ही बाई मध्ये मध्ये येत राहील, तिला जागा करून ठेवा.

इंझोरीला यांचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात काकड्या. माल काढणं मुलाचं आणि सुनेचं काम, बाजारात बसणं आजीचं. तिचा काटा जुना, साखळ्यांचा, पण तो केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. तिला काट्याची गरजच नाही. हातात वांगी घेतली की वजन सांगते, आणि काट्यावर टाकली की तेवढीच भरतात. थोडी कमी भरली तर दोष काट्याचा.

मुलाच्या लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी एक नातू झाला, विराज. दीड वर्ष उलटून गेलं तरी पोरगं उभं राहीना. हातपाय काडीसारखे, डोळे मोठे, आणि रडणंसुद्धा अर्ध्यावर सोडून द्यायचं. मी खरं सांगते, मला त्याला पाहून भीती वाटली. अशा लेकराला साधी हगवण लागली तरी ते हातचं जातं.

आजीनं त्याला अंगणवाडीत आणलं ते भर उन्हाळ्यात झबलं, त्यावर स्वेटर, त्यावर दुपटं असं गुंडाळून. आणणार नव्हतीच. तिचं म्हणणं, लेकराला तोलायचं नसतं. तोललं की लेकरू वाळतं, नजर लागते. पण सूनबाई प्रतिभानं गपचूप आम्हाला निरोप दिला होता आणि सिस्टर थेट मळ्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"कपडे काढा आजी," सिस्टर म्हणाल्या.

"कायले? सर्दी होते."

"बाहेर पाखरं सावली पाहून बसली हायेत."

"पाखराईले सर्दी होत नाही."

शेवटी कपड्यांसकट झोळीच्या काट्याला लटकवलं. वजन पाहून मी चकित. दिसायला तर नुसतं चिपाड, आणि वजन बऱ्यापैकी. मी मनातल्या मनात खूश होऊन आकडा लिहायला लागले. सिस्टर काही खूश झाल्या नाहीत. त्यांनी पोराचं मनगट पाहिलं, काटा पाहिला, आजीकडे पाहिलं. मग झबल्याखाली हात घातला आणि कमरेला फडक्यात बांधलेली एक गाठ सोडली. आत लोखंडाचं अर्ध्या किलोचं वजन. भाजीच्या काट्याचं.

"आजी, हे काय होय?"

आजी जराही डगमगली नाही. "लोखंड होय. नजर लागू नये म्हून बांधा लागते."

"अर्ध्या किलोचं?"

"तुले आमच्या गावची नजर मालूम नाही."

खरं कारण प्रतिभानं नंतर सांगितलं. वजन कमी भरलं की पोराला जिल्ह्याच्या दवाखान्यात कुपोषित मुलांच्या वार्डात भरती करायला सांगतात, आईला तिथं पंधरवडाभर राहावं लागतं. इकडे वांग्यांचा तोडा सुरू. सून दवाखान्यात गेली तर वांगी कोण तोडणार? आजीनं आपल्या पद्धतीनं तो प्रश्न सोडवला होता.

सिस्टरनी मग दंडाची पट्टी काढली. दंडाला गुंडाळायची, हिरव्यावर आली तर ठीक, लालवर आली तर धोका. लालवर आली.

"पट्टीच बारीक हाये तुही," आजी म्हणाली, आणि नातू आणि लोखंड दोन्ही उचलून निघून गेली.

*

पोहरादेवीच्या यात्रेत आमचं टेबल असतं. गर्दी अशी की स्टेथोस्कोप कानात घातला तरी भोंग्यावरच्या घोषणाच ऐकू येतात. तिथं एक बाई सात-आठ वर्षांच्या पोराला ओढत घेऊन आल्या. तक्रार जगातल्या सगळ्या आयांची असते तीच.

"मॅडम, हा काहीच खात नाही."

पोरगं गोलमटोल. मी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी त्याला जवळ घेतलं आणि अगदी मायेनं विचारलं, "सकाळपासून काय काय खाल्लं रे राजा?"

राजा मनमोकळा होता. उठल्यावर चहा-टोस्ट. मग कुरकुऱ्याचं एक पाकीट. मग आत्याकडे चिवडा. यात्रेत आल्यावर भजी, मग गारेगार, मग मामानं घेऊन दिलेली जिलबी. सांगता सांगता त्याचा हात खिशात गेला, तिथून फुटाणे निघाले. तेही त्यानं तोंडात टाकले.

"अन् जेवला?" सिस्टरनी विचारलं.

"तेच तं सांगून राह्यली ना मी," आई मध्येच म्हणाल्या, "जेवतच नाही. भाकर समोर ठेवली का तोंड फिरवते."

मी पोराला विचारलं, काहून रे बाबू? भाकर का नाही खात?

त्यानं खरंच विचार केला. "खाऊन खाऊन थकून जातो न मी."

रफिकभाई दिवसभर ते वाक्य म्हणत होते. जाताना त्यांनी गाडीच्या डॅशबोर्डमधलं स्वतःचं चिवड्याचं पाकीट काढून सिस्टरच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी परत मागून घेतलं, ते वेगळं.

*

जंताच्या गोळीचा किस्सा सांगते, पण शाळेचं नाव विचारू नका. सर अजून तिथंच आहेत आणि स्वभावानं चांगले आहेत.

आम्ही गोळ्या घेऊन गेलो तर चौथीचा अख्खा वर्ग तोंड मिटून बसला. कोणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं की गोळी घेतली की पोटातून साप निघतात. आम्ही समजावलं, चित्रं दाखवली, रफिकभाईंनी खिडकीतून दोन शब्द सांगितले. एकही तोंड उघडेना.

सरांना आला जोर. "अरे पोट्टेहो, यात भेवाचं काय हाये? पाहा, मी खातो." आणि सगळ्या वर्गासमोर गोळी तोंडात टाकून कडाकडा चावली. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि पटापट सगळ्यांनी घेतल्या. मी सरांचे आभार मानले. माणूस धन्य झाल्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत शिरले तेव्हा वर्ग दारातच उभा होता.

"सर, निघाले का?"

सरांनी हसून विषय टाळला. मधल्या सुट्टीत खिचडी वाढणाऱ्या काकूंनी आडून विचारलं. संध्याकाळी किराणा दुकानात एका पालकानं हात धरून बाजूला नेलं. "सर, पोरगं म्हने तुमी गोळी खाल्ली. काही फरक?" पुढं आठवडी बाजारात, मग न्हाव्याकडे, मग एका लग्नात अक्षता पडायच्या आत मागच्या रांगेतून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला.

पुढच्या वेळी आम्ही गोळ्या घेऊन गेलो तर सर रजेवर होते.

*

विराजसाठी आम्ही पुन्हा इंझोरीला गेलो. मला चैन पडत नव्हतं. मधल्या काळात त्याला ताप येऊन गेला होता, आणि आता तो बसल्या जागी मान टाकत होता. आजी अंगणात त्याला भरवत होती. वाटीत पिवळं पाणी.

"काय देऊन राह्यले आजी?" सिस्टरनी विचारलं.

"दाळ."

सिस्टरनी चमचा वाटीत फिरवला. चमच्याला काही लागेना. "दाळ कुठं हाये यात?"

"खाली बसते ते. वरचं वरचं लेकराले देतो, हलकं असते."

"अन् खालचं कोन खाते?"

"आमी."

"मंग ताकद कोनाले येईल?"

आजीनं वाटी खाली ठेवली. पण भरतीचं नाव काढल्याबरोबर पुन्हा तेच. वार्डात रोज तोलतात, रोज नजर, लेकरू उरणारच नाही. बोलता बोलता म्हणाली, "मीच तोलनार हाये त्याले. मारोतीले नवस बोलली हाये मी. पायानं चालाले लागला का गुळानं तोलीन अन् साऱ्या गावाले गूळ वाटीन."

मी म्हटलं, तोलल्यानं नजर लागते ना?

"देवापुढं कोनाची हिंमत हाये नजर लावाची? ते अलग, तुमचा काटा अलग."

माझं डोकं तापायला लागलं होतं आणि माझी भाषा शुद्ध व्हायला लागली होती. रफिकभाई बांधावर बसून आजीचीच काकडी खात होते. तिथूनच म्हणाले, "आजी, एक पुसू का? या लेकराबरोबर किती गूळ येईल? एखादी भेली?"

आजीनं विराजकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"साऱ्या गावात एक भेली वाटसान तुमी? माह्या तं बोटालेही लागनार नाही. अन् मारोती म्हनन, एवढे वर्ष बाजारात बसली, अन् मले एवढूसा गूळ तोलून देते."

काकडी संपवून ते हात धुवायला गेले. आजीनं वाटी उचलली आणि पिवळं पाणी अंगणात ओतून दिलं. मग सुनेवर ओरडली, "उभी काय राह्यली व? कपडे भर."

प्रतिभा घरात पळाली. मी आजीचं वाक्य ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सिस्टर मात्र आजीची कंबर आणि ओटी निरखून बघत होत्या, लोखंड बरोबर घेते की काय म्हणून.

*

मध्ये एक माझ्या माहेरचा. चुलतभावाचा मुलगा अक्षय अकरावीत आहे आणि पोलीस भरतीची तयारी करतो. जऊळक्याला गेले तर अंगणात दोरीवर याचं बनियन आणि खिडकीत एक मोठा काळा डबा. डब्यावर एका उघड्या माणसाचं चित्र, त्याचे दंड माझ्या मांडीएवढे. ताकदीची पावडर. फोनवरून मागवलेली.

भाऊ वैतागला होता. "पाहा न बाई. घरी दूध हाये, दाळ हाये, हे पोट्टं ते भुकटी पिऊन राह्यलं. डॉक्टर हायेस तं सांग त्याले काही."

अक्षय म्हणाला, "आत्या, बाबाले समजत नाही. हे सायंटिफिक हाये."

मी डबा फिरवला आणि मागच्या बारीक अक्षरात काय काय घातलंय ते वाचायला लागले. पहिलंच नाव सोयाबीनचं. मोठ्यानं वाचलं.

भावाच्या मागे ओसरीत सोयाबीनची पोती रचलेली होती, छतापर्यंत. तो वळून पोत्यांकडे बघत राहिला. मग डब्यावरच्या उघड्या माणसाकडे.

"म्हंजे माह्याच वावरातून उघडं गेलं," तो म्हणाला, "अन् डब्यात बसून माह्याच घरी पाव्हनं म्हून आलं."

वहिनींनी त्या दिवसापासून गव्हाच्या दळणात भाजलेलं सोयाबीन घालायला सुरुवात केली. अक्षय पोळ्या मोजून खात नाही आता. डबा अजून आहे. त्यात वहिनी तिखट ठेवतात.

*

वार्डातून मला तिसऱ्याच दिवशी तिथल्या सिस्टरांचा फोन. "मॅडम, तुमची आजी घरी न्या."

सोबत एक रात्र राहते म्हणून गेलेली आजी तिथंच मुक्कामाला बसली होती. मळ्यात मुलगा एकटा वांगी तोडत होता आणि आजीला त्याचं काही नव्हतं. पहिल्या दिवशी ती तिथल्या खास दुधावरून भांडली. दुधात साखर ठीक, पण तेल? "दुधात तेल घालाचं कोनत्या शहान्यानं सांगतलं?" मग चाखून पाहिलं. मग विराजनं अख्खी वाटी संपवली आणि आणखी मागितली, तेव्हा भांडण मिटलं. त्यानं आणखी मागितलं हे प्रतिभानं मला फोनवर इतक्यांदा सांगितलं की शेवटी मीच म्हटलं, ऐकलं गं.

दुसऱ्या दिवसापासून आजीनं वार्डाचा ताबा घेतला. रोज सकाळी वजनं व्हायची. त्याआधी आजी एकेक लेकरू दोन्ही हातांनी उचलून, जरासं झुलवून आकडा सांगायची. मग सिस्टर काट्यावर ठेवायच्या, तर तेवढंच. आया काट्यावर विश्वास ठेवेनात, आजीलाच विचारायला लागल्या. एका दिवशी काट्यानं थोडा वेगळा आकडा दाखवला तर सगळ्या वार्डानं काटा बिघडला म्हणून गिल्ला केला. काटा खरंच बिघडला होता, ही आणखी पंचाईत.

मी भेटायला गेले. विराजच्या गालांवर थोडी कळा आली होती. मी आजीला म्हटलं, सगळ्यांच्या लेकरांची वजनं सांगता, तुमचा नातू किती भरतो ते सांगा की.

आजीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"त्याले मी तोलत नाही. आजीचीच नजर आंधी लागते."

"मग कडेवर कसं घेता?"

"घेतो न. पन मन दुसरीकडं ठेवतो."

*

शेवटच्या आधीचा एक. मोठ्या मुलींचा. त्यांना आठवड्यातून एकदा शाळेत लोहाची निळी गोळी मिळते. रक्त वाढावं म्हणून. आमच्या एका शाळेत सगळ्या मुली बिनतक्रार गोळ्या घेत होत्या आणि रक्त मात्र कोणाचंच वाढत नव्हतं. सिस्टर एकदा वर्गाच्या मागच्या बाजूला सहज फिरायला गेल्या आणि मला हाक मारली. खिडकीखाली निळा सडा.

वर्गात शिरून विचारलं तर सगळ्या खाली बघतात. शेवटी वैष्णवी उठली. कबड्डीची कॅप्टन. पोरगी धीट, पण जिभेचा रंग पांढरा, आणि दोन चढाया केल्या की दम लागून बसायची. तालुक्याच्या सामन्यात तिला मधूनच बाहेर यावं लागलं होतं आणि ते तिला फार लागलं होतं.

"मॅडम, आमी आंधी चेक केलं," ती म्हणाली. "शिपाईकाकाची बकरी हाये न, तिच्यापुढं टाकली गोळी. तिनं वास घेतला अन् चालली गेली. मॅडम, ते बकरी नायलॉनची थैली खाते. आमचं भूगोलाचं पुस्तक खाल्लं तिनं. तिनं गोळी नाही खाल्ली, मंग आमी कायले खाऊ?"

सिस्टर पुढं झाल्या.

"बकरी कबड्डी खेळते काय?"

"नाही."

"तिले तालुक्याले जाचं हाये काय?"

वैष्णवीनं हात पुढं केला. जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी मळमळतं, हे आम्ही आता नीट समजावून सांगितलं. आधी सांगायला हवं होतं. पुढच्या खेपेला तिनं मला जीभ दाखवली. गुलाबी होती. बकरीला मात्र तेव्हापासून तो वर्ग मुद्दाम खिडकीतून वेडावून दाखवतो.

*

आणि मग इंझोरीचा निरोप आला. विराज चालायला लागला. मारोतीला गूळ द्यायचाय, तिघांनीही यायचं, आणि रफिकभाईला सांगा की उपाशी ये.

आम्ही पोचलो तेव्हा मारोतीपुढच्या निंबाच्या फांदीला आजीचा साखळ्यांचा काटा टांगलेला होता. पारडी घासून लख्ख. एका बाजूला आजीनं बाजारातून आणलेल्या भेल्या केळीच्या पानावर रचलेल्या. किती आणल्या म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "बरोबर आनल्या." बाजारात आयुष्य गेलेल्या बाईला कोण काय विचारणार? सगळं गाव जमलं होतं. विराज नवी टोपी, नवा सदरा घालून अंगणात तुरुतुरु फिरत होता आणि पायाखाली येईल त्याला लाथ मारत होता. मी त्याला बघतच राहिले. याच पोराला पाहून मला भीती वाटली होती.

प्रतिभानं त्याला पारड्यात बसवलं. आजीनं दुसऱ्या पारड्यात भेल्या चढवायला सुरुवात केली. एक, दोन, सगळ्या. विराजचं पारडं जागचं हललं नाही.

आजी थबकली. तिनं साखळी हलवून पाहिली, काट्याची जीभ पाहिली. मग सुनेला घरातला गुळाचा डबा आणायला पाठवलं. तोही रिकामा झाला. विराज जमिनीजवळच. शेजारणींनी आपापल्या घरून खडे आणले, ते चढले. पारडं जरासं उचललं आणि पुन्हा खाली टेकलं.

गर्दीतून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "द्वारकाबाई, आंधी लोखंड सोडा त्याचं!"

सगळं गाव हसलं. रफिकभाई तर सगळ्यात जास्त. लोखंडाची गोष्ट गावभर झाली होती, आणि कोणी केली ते मी सांगणार नाही. मी हसता हसता आजीकडे पाहिलं आणि माझं हसू थांबलं. आजी लाल झाली होती.

ती पारड्यापाशी गेली. विराजची टोपी काढली. सदरा काढला. चड्डी काढली. पायातले वाळे काढून सुनेकडे दिले. मग जरा थांबली, आणि त्याच्या कमरेचा काळा करदोडा सोडला. नजर लागू नये म्हणून जन्मापासून बांधलेला. ज्या बाईनं भर उन्हाळ्यात नातवाला स्वेटर घालून झाकलं होतं, तिनं त्याला साऱ्या गावापुढं उघडं बसवलं होतं, अंगावर दोराही न ठेवता.

पारडं खालीच होतं.

आजी सिस्टरकडे वळली. "ये. पाहून घे. सगळ्याईपुढं पाह्य."

मेश्राम सिस्टर पुढं गेल्या. त्या आजही हसल्या नाहीत. त्यांनी नेहमीसारखाच त्याच्या कमरेभोवती हात फिरवला, काखा पाहिल्या, पाठ पाहिली, पारड्यातून जरा उचलून खाली पाहिलं. विराजनं तेवढ्यात त्यांच्या केसांतलं फूल उपटलं. सिस्टरनी त्याला परत खाली ठेवलं आणि गावाकडे तोंड केलं.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "सगळं लेकरूच हाये."